उलटी बसलेली काच: लंडनच्या एका तळघरातल्या उजेडाचं प्रकरण

पार्श्वभूमी

लंडनमध्ये थेम्सच्या दक्षिणेला एका अरुंद गल्लीत विटांची एक जुनी चार मजली वखार आहे. बांधकाम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. वरच्या मजल्यांवर आता कार्यालयं आहेत, तळमजल्यावर कॉफीचं दुकान आणि तळघरात एका बाईंची पुस्तकबांधणीची कार्यशाळा. मालक दोघं भाऊ. इमारत त्यांना वडिलांकडून मिळालेली. मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत काम करणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर. माझ्याकडे हे प्रकरण आलं ते गळतीची तक्रार म्हणून. माणसांची आणि गल्लीची ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत.

तळघर इमारतीपुरतंच नाही. ते दर्शनी भिंतीच्या पुढे, फूटपाथच्या खाली सरकलेलं आहे. त्या पुढे आलेल्या भागाचं छत म्हणजेच वरचा फूटपाथ. त्यात एकापुढे एक अशा बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, पाच चौकटी बसवलेल्या आहेत आणि प्रत्येक चौकटीत चौकोनी काचांच्या रांगा. यांना इथे पेव्हमेंट लाइट म्हणतात. वरून चालणाऱ्याला फक्त मळकट काचांचे तुकडे दिसतात. खाली उतरलं की त्याच काचा छतातून जाड दातांसारख्या लोंबताना दिसतात, आणि त्यांच्यातून येणारा उजेड खोलीच्या आत, लांबवर गेलेला असतो.

पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला कोकणातल्या आमच्या घराचं माजघर आठवलं. कौलांच्या ओळीत एकच काचेचं कौल, आणि त्यातून पडणारा कवडसा. आजी तांदूळ निवडायला त्या कवडशात बसायची आणि दुपारभर त्याच्यासोबत सूप घेऊन सरकायची. हा उजेड विकत घ्यावा लागत नाही, पण तो कुठे पडेल हे कुणीतरी आधी ठरवलेलं असतं. या प्रकरणात आम्ही नेमकं तेच विसरलो.

ही काच आली कुठून

दुरुस्ती ठरवण्याआधी वस्तू कळायला हवी, म्हणून थोडा इतिहास सांगतो. पुढचे निर्णय त्याच्यावरच अवलंबून होते.

मुळात ही युक्ती जहाजांची. डेकखाली अंधार, आणि लाकडी जहाजात उघडी ज्योत नेणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून डेकच्या फळीत जाड काच बसवत. लंडनचे काच कारखानदार अ‍ॅप्सली पेलट यांनी 1807 मध्ये अशा काचेचं पेटंट घेतलं होतं. शहरातल्या तळघरांची अडचणही तीच होती. जागा महाग, म्हणून दुकानदार आणि वखारवाले जमिनीखाली सरकत. रस्त्याच्या बाजूला जाळी ठेवली तर उजेडाबरोबर पाऊस आणि घोड्यांची लीद दोन्ही आत येत. गॅसचा दिवा लावला तर खर्च, उष्णता, काजळी आणि आगीची धास्ती.

न्यूयॉर्कच्या थॅडियस हायट यांनी 1845 मध्ये जे पेटंट घेतलं, त्याने हा धंदा उभा राहिला. एका मोठ्या काचेऐवजी ओतीव लोखंडाच्या पत्र्यात बसवलेल्या पुष्कळ छोट्या काचा. एखादी फुटली तरी माणूस खाली पडत नाही, आणि भार काचेऐवजी लोखंड घेतं. न्यूयॉर्कच्या सोहो भागातल्या बिडाच्या दर्शनी इमारतींपुढे असे गोल काचांचे पत्रे आजही पायाखाली येतात. हायट नुसते कारखानदार नव्हते. ते गुलामगिरीचे कट्टर विरोधक होते. गुलामगिरीविरुद्धच्या हार्पर्स फेरीच्या उठावाची चौकशी करणाऱ्या अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे साक्ष द्यायला त्यांनी नकार दिला आणि त्यापायी 1860 मध्ये सुमारे तीन महिने तुरुंगात काढले. पुढे लंडनमध्ये त्यांनी काँक्रीटमध्ये लोखंड घालून तुळयांच्या चाचण्या करवल्या आणि 1877 मध्ये त्यांचा अहवाल छापला. उष्णतेने लोखंड आणि काँक्रीट जवळपास सारखंच प्रसरण पावतात, हे त्यांनी त्यात दाखवलं. आज ज्याला आपण आरसीसी म्हणतो त्याच्या सुरुवातीच्या पायऱ्यांपैकी ही एक, आणि ती चढलेला माणूस मुळात तळघरांच्या उजेडाचा.

हायट यांच्या सपाट काचेत एक उणीव होती. उजेड सरळ खाली पडायचा. काचेखालची फरशी लख्ख, आणि चार पावलं आत गेलं की पुन्हा काळोख. लंडनच्या बरो भागातल्या हेवर्ड ब्रदर्स या लोखंडी सामानाच्या पेढीतल्या एडवर्ड हेवर्ड यांनी 1871 मध्ये त्यावर उपाय काढला. त्यांनी काचेच्या खालच्या अंगाला एक बाजू तिरकी ठेवली, म्हणजे काच अर्धा लोलक झाली. काचेतून खाली जाणारा किरण त्या तिरक्या बाजूवर, लंबाशी 41 अंशांपेक्षा मोठा कोन करून आदळला, तर बाहेर पडतच नाही. आरशावरून वळावा तसा आतल्या आत वळतो आणि समोरच्या बाजूने आडवा बाहेर पडतो. आकाशातून सरळ खाली येणारा उजेड अशा रीतीने खोलीच्या मागच्या टोकाकडे ढकलला जातो. 1890 च्या दशकाच्या अखेरीस शिकागोच्या लक्सफर कंपनीने हीच कल्पना उभ्या खिडक्यांत नेली. तरुणपणी फ्रँक लॉइड राइट यांनी त्यांच्यासाठी काचेच्या फरशांची नक्षी आखून दिली होती.

मग वीज स्वस्त झाली. तळघरात बटण दाबून दिवा लागायला लागल्यावर वरच्या काचांची देखभाल कुणी करेना. सांधे गळायला लागले की वरून डांबर ओतायचं किंवा लोखंडी पत्रा मारायचा, हा सोपा मार्ग लंडनमध्ये आणि न्यूयॉर्कमध्ये सर्रास वापरला गेला.

आमच्या पाच चौकटींवर, माती खरवडल्यावर, हेवर्ड ब्रदर्सचं नाव ओतलेलं सापडलं. म्हणजे काचा अर्ध्या लोलकाच्या असणार हे वरूनच कळलं.

अडचण

सुरुवात स्थानिक पालिकेच्या रस्ते विभागाच्या पत्राने झाली. दोन काचा फुटलेल्या, एका चौकटीची कड फूटपाथच्या वर उचललेली, पादचाऱ्याला ठेच लागण्याचा धोका. मालकांनी दुरुस्ती करावी. थोरल्या भावाला हे पटेना. फूटपाथ सरकारचा, मग दुरुस्ती आमच्या गळ्यात का? हा गैरसमज इथे सगळीकडे आढळतो. इंग्लंडमध्ये 1980 च्या हायवेज अ‍ॅक्टच्या कलम 180 नुसार रस्त्याखालचं तळघर, त्यावरची झाकणं आणि पेव्हमेंट लाइट सुस्थितीत ठेवणं ही इमारतीच्या मालकाची किंवा वापर करणाऱ्याची जबाबदारी असते. वरून चालणारे लोक कुणाचेही असोत, छत तुमचं.

खाली बांधणीवाल्या बाईंचं गाऱ्हाणं वेगळं होतं. पावसाच्या दिवसांत पाचपैकी तीन चौकटींखाली थेंब पडायचे. त्यांनी कागदाचे गठ्ठे मागे हलवले होते आणि पुढे तीन बादल्या ठेवल्या होत्या. तरीही पहिल्याच भेटीत त्यांनी मला एक वाक्य सांगितलं, ते मी वहीत लिहून ठेवलं आणि नंतर पुरेसं वाचलं नाही: "गळती थांबवा, पण माझ्या मागच्या टेबलावरचा उजेड घालवू नका. मी तिथे सुईत दोरा ओवते."

कारण शोधायला आम्ही एक चौकट उचलून पाहिली. काचा ज्या खाचेत बसवल्या होत्या तिथली जुनी लांबी (पुट्टी) अजून शिल्लक होती: जवसाच्या तेलात मळलेला शेंदूर, वाळून विटेसारखा कडक झालेला. शेंदूर म्हणजे शिशाचाच प्रकार, त्यामुळे ती सुकी कोरायची नाही, पाणी शिंपडून आणि तोंडाला मास्क लावूनच काढायची. लांबी कडक होऊन तडकली, फटीत पाणी शिरलं, लोखंड गंजलं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. तो फुगून काचेला बाजूने दाबत राहतो आणि एक दिवस काच कोपऱ्यातून चिरते. वर कुणी काही आपटलं म्हणून त्या दोन काचा फुटल्या असाव्यात असं आम्हाला वाटत होतं. त्या गंजाने आतून फोडलेल्या निघाल्या. चौकटीची कड उचलली होती तीही गंजानेच.

तिसरी गोष्ट कुणाच्याच तक्रारीत नव्हती. कॉफीच्या दुकानाला माल देणारी गाडी अरुंद गल्लीत एक चाक फूटपाथवर चढवून उभी राहायची. बीड दाब चांगला सोसतं, ताण सोसत नाही, आणि तुटताना आधी वाकून इशारा देत नाही. दोन चौकटींच्या आडव्या पट्ट्यांना खालून केसाएवढे तडे होते. बादल्यांपेक्षा मला त्या तड्यांची जास्त काळजी वाटली.

समोरचे पर्याय

थोरल्या भावाला सगळं बुजवायचं होतं. काचा काढायच्या, वर काँक्रीट आणि दगडी फरशी, खाली एलईडी. सर्वांत स्वस्त आणि पुन्हा कधी गळणार नाही असं. पण इमारत संरक्षित वारसा इमारतींच्या सरकारी यादीत, ग्रेड दोनमध्ये आहे, आणि पेव्हमेंट लाइट त्या इमारतीचा भाग धरले जातात. बुजवायला परवानगी लागली असती, ती मिळण्याची आशा कमी होती, आणि तळघराच्या भाड्यात उजेडाचा वाटा होता. धाकट्या भावाने एक सरळ प्रश्न विचारला: "खिडकी नसलेल्या खोलीला आपल्याला हेच भाडं कोण देईल?" बुजवण्याचा विषय तिथे संपला.

दुसरा पर्याय नव्या तयार चौकटींचा होता. आरसीसीत बसवलेल्या जाड काचा, वाहनाचा भार पेलतील अशासुद्धा मिळतात. हायट यांच्या दोन्ही शोधांची ती एकत्र आलेली पोरं म्हणायला हवीत. व्यवहारात हा चांगला पर्याय आहे, आणि जिथे जुनं काही उरलेलंच नाही तिथे मी तोच सुचवतो. इथे मात्र बहुतेक मूळ काचा धडधाकट होत्या. शिवाय ज्या नव्या काचा आम्ही मागवून पाहिल्या त्या खालून सपाट होत्या. उजेड सरळ खाली.

तिसरा पर्याय म्हणजे चौकटी उचलून कारखान्यात नेणं, गंज काढणं, तडे सांधणं, काचा नव्या सांध्यात बसवणं. खर्चिक आणि वेळखाऊ. अशा संरक्षित इमारतींचं काम पाहणाऱ्या संवर्धन अधिकारी बाईंचा कल याकडे होता, माझाही.

मधला एक मार्ग ठेकेदाराने सुचवला: काचांना हात न लावता खाली पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा लावायचा आणि गळणारं पाणी पन्हळीत वळवायचं. दिसायला हुशार. पण पत्र्यावर आतून दव साचेल, धूळ बसेल, उजेड कमी होईल. सगळ्यात वाईट म्हणजे गंज आणि तडे झाकले जातील. जे लोखंड माणसांचं वजन उचलतं ते डोळ्यांआड करायचं नाही, यावर मी अडून बसलो. तो निर्णय आजही मला बरोबर वाटतो.

भाराचा प्रश्न उरलाच होता. जुन्या बिडाची ताकद कागदावर ठरवता येत नाही. ओतकामात हवेचे बुडबुडे किती राहिले हे बाहेरून दिसत नाही. चालणाऱ्या माणसांसाठी चौकटी पुरेशा होत्या, गाडीच्या चाकासाठी मी सही करायला तयार नव्हतो. शेवटी दोन गोष्टी ठरल्या. पालिकेने फूटपाथच्या कडेला दोन खांब रोवायचं मान्य केलं, म्हणजे चाक चढणारच नाही. आणि चौकटी जिथे एकमेकींना भिडतात तिथे खालून एकेक अरुंद पोलादी तुळई द्यायची. तिथे वर लोखंडच आहे, त्यामुळे सावलीत सावली पडेल आणि उजेड अडणार नाही.

केलेलं काम

पाचही चौकटी एका आठवड्यात उचलल्या. वर तात्पुरत्या फळ्या, खाली ताडपत्री. बांधणीवाल्या बाईंनी तेवढे दिवस एका मित्राच्या कार्यशाळेत काम हलवलं.

कारखान्यात काचा एकेक करून सोडवताना मी एक दिवस मुद्दाम जाऊन बसलो. कारागीर खाचेतली लांबी बोथट छिन्नीने सैल करायचा, मग काचेखाली अंगठे लावून हळूच दाबायचा. काच सुटताना 'टक्' असा बारीक आवाज यायचा. त्याने पहिली काच बादलीत बुडवून, पुसून माझ्या हातात दिली. मुठीत मावेल एवढी, पण दगडासारखी जड. वरची बाजू सव्वाशे-दीडशे वर्षांच्या चपलांनी घासून दुधी झालेली. खालची तिरकी बाजू मात्र काल साच्यातून काढल्यासारखी, नुसती काजळी धरलेली. उजेडाला धरली तर कडेला फिकट जांभळी झाक. त्या काळी काचेतला हिरवटपणा घालवायला मँगनीज टाकत, काचवाले त्याला साबणच म्हणत. वर्षानुवर्षं ऊन लागून त्याच मँगनीजचा जांभळा रंग होतो. सिअ‍ॅटलच्या पायोनियर स्क्वेअरमधले फूटपाथ यामुळे गडद जांभळे दिसतात. आमच्यात तो रंग मोजक्याच काचांना होता.

त्या रंगावरून एक छोटा वाद झाला. थोरल्या भावाला सगळ्या काचा एकसारख्या हव्या होत्या. त्याला वाटलं, नव्या काचाही जांभळ्या ओतून घेऊ. संवर्धन अधिकारी आणि मी नको म्हणालो: जुन्या जुन्यासारख्या राहू द्या, नव्या स्वच्छ दिसू द्या. फुटलेल्या आणि दुरुस्तीत दगावलेल्या काचांसाठी मूळ काचेवरून साचा करून नव्या ओतून घेतल्या, आणि वर डझनभर जास्तीच्या.

तड्यांना वेल्डिंग केलं नाही. बीड असमान तापलं की शेजारी नवा तडा जातो. त्याऐवजी थंड टाके घातले. तड्याला आडवी भोकं पाडून त्यांत धातूचे तुकडे ठोकून बसवायचे, आणि तड्याच्या रेषेत एकमेकांत गुंतणारे स्क्रू. गोधडीला टाके घालावेत तसं काम, आणि ते नीट करणारे हात आता थोडेच उरलेत. मग लोखंडावर जस्तयुक्त प्रायमर, वर रंग. काचा पुन्हा कडक लांबीत किंवा सिमेंटमध्ये न बसवता, लवचीक राहणाऱ्या सीलंटमध्ये बसवल्या. लोखंड हलणार, काच हलणार, सांध्याने दोघांना सामावून घ्यायला हवं.

चौकटी परत आल्या आणि बसल्या. कडेचे सांधे भरले. पाण्याची चाचणी घेतली, तासभर पाइप सोडून ठेवला, एक थेंब आला नाही. पालिकेच्या निरीक्षकाने पायाने ठोकून पाहिलं, फोटो काढले, पत्र बंद केलं. मी भावांना कामपूर्तीचा अहवाल पाठवला.

उजेड कुठे गेला

बाई परत आल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. गळती नाही, काचा सुंदर दिसतात, पण मागचं टेबल अंधारात आहे. ठेकेदार म्हणाला, शक्य नाही, काचा धुतल्यात, उजेड वाढलाच असणार. मीही मनात तेच म्हणालो. ढगाळ आठवडा असेल, नव्या रंगाची सवय व्हायची असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मी खाली उतरलो. बाईंनी काही न बोलता मला मागच्या टेबलाशी बसवलं, हातात सुई आणि मेणाचा दोरा दिला. दोन वेळा चुकलो, तिसऱ्यांदा दिवा लावायला उठलो. मग त्यांनी पुढे, रस्त्याच्या बाजूला बोट केलं. तिथे फूटपाथच्या कडेखाली कोळशाची जुनी कोठडी आहे, आता नुसती विटांची भिंत. त्या भिंतीवर उजेडाचे तीन लख्ख पट्टे पडले होते. खोलीत यायचा तो उजेड पाठ फिरवून कोळशाच्या कोठडीकडे निघाला होता.

पाचपैकी तीन चौकटी उलट्या बसल्या होत्या. चौकट बाहेरून चौरस, कशीही बसते. वरून पाहिलं तर कोणती बाजू कुठली हे कळत नाही. फरक फक्त खाली, तिरक्या बाजूचं तोंड कुठे आहे त्यात. कारखान्यात प्रत्येक चौकटीला तारेने क्रमांकाचा बिल्ला बांधला होता. कोणती चौकट कितवी हे त्या बिल्ल्यावर होतं, तिचं तोंड कुठे हे नव्हतं. उचलण्याआधी खडूने केलेल्या खुणा गंज काढताना पुसल्या गेल्या. माझ्याकडचे फोटो सगळे वरून घेतलेले. खालून घेतलेले दोन, काळेकुट्ट. पाण्याची चाचणी आम्ही खालूनच पाहिली, पण टॉर्च घेऊन, थेंब शोधत. खोलीच्या मागच्या बाजूला उभं राहून आमच्यापैकी कुणी पाहिलं नाही. चूक माझ्या आराखड्याची होती. दिशेचा बाण त्यात असायला हवा होता.

आता पुन्हा निर्णय. सांधे भरलेले, निरीक्षण झालेलं, बिल चुकतं झालेलं. ठेकेदाराने कोठडीची भिंत पांढरी करून उजेड परतवू असं सुचवलं. एक दुपार पांढरे पुठ्ठे लावून पाहिलं. उजेड परतला, पण फरशीवर, टेबलापर्यंत नाही. थोरले भाऊ म्हणाले, एक चांगला दिवा घेऊन देऊ त्यांना. त्यांचा हेतू वाईट नव्हता. मग धाकट्यांनी बाईंना विचारलं, चालेल का? त्या म्हणाल्या, "दिव्याखाली चामड्याचा रंग कळत नाही. आणि तुम्ही दिव्याला भाडं लावलं नव्हतं."

तीन चौकटी पुन्हा उचलायच्या ठरल्या. खर्च माझ्या कार्यालयाने आणि ठेकेदाराने निम्मा निम्मा सोसला. सीलंट कापून काढताना एका कोपऱ्यातली मूळ काच तडकली. नव्या ओतलेल्यांपैकी एक तिथे बसली. गेलेली काच मी घरी आणली. या दुरुस्तीत माझ्या चुकीने गेलेली ती एकच मूळ वस्तू आहे.

परिणाम

या वेळी चौकट भरण्याआधी ती नुसती ठेवून आम्ही खाली गेलो. बाई टेबलाशी बसल्या. वर दोन माणसांनी चौकट फिरवली, खालून बाईंनी हात वर केला. तिन्ही चौकटी अशाच ठरल्या. त्यानंतर तीन हिवाळे गेले. एका सांध्यात दुसऱ्या वर्षी ओल दिसली, ती वरून नसून खोलीतल्या दमट हवेचं दव निघालं. भिंतीत एक छोटा झरोका उघडल्यावर थांबलं. पालिकेचे खांब उभे आहेत, गाडी आता रस्त्यावरच थांबते. कॉफीच्या दुकानदाराने सुरुवातीला कुरकुर केली. पावसात घासलेल्या काचा निसरड्या होतात अशी एक तक्रार आली. तेव्हा नुसत्या सर्वांत गुळगुळीत काचांची वरची बाजू खरबरीत करून घेतली, बाकीच्यांना हात लावला नाही. भाडेकरार वाढला, आणि भाऊ आता वर्षातून एकदा खालून पट्ट्या तपासून घेतात.

पुन्हा करायचं झालं तर

बाण तर काढूच. रंगाने किंवा खडूने नाही, चौकटीच्या खालच्या कडेवर पंचने ठोकून, जो गंज काढतानाही जाणार नाही. त्याआधी एक काम: उचलण्यापूर्वी निरभ्र दिवशी आणि ढगाळ दिवशी, ठरावीक वेळेला, खोलीच्या तीन ठिकाणी उजेड मोजून ठेवायचा. लक्स मीटर माझ्या बॅगेत होता. मी तो बाहेर काढला नाही, कारण माझ्या डोक्यात हे प्रकरण पाण्याचं होतं. पालिकेचं पत्र ठेच लागण्याचं, मालकांची चिंता खर्चाची, माझी तड्यांची. जी वस्तू केवळ उजेडासाठी बनवली होती तिच्या कामपूर्तीच्या यादीत उजेडाची ओळच नव्हती. आता माझ्या प्रत्येक पेव्हमेंट लाइटच्या यादीत ती पहिली असते, आणि तिच्यापुढे सही वापरणाऱ्याची लागते, ठेकेदाराची नाही.

भाडेकरूला पहिल्या बैठकीत बोलावलं नव्हतं, तेही बदलेन. त्या बैठकीत मालक, अधिकारी, ठेकेदार, मी असे सगळे फूटपाथवर उभे राहून खाली बघत होतो. त्या वेळी बाई आमच्या पायाखाली, त्याच काचांच्या उजेडात पुस्तक शिवत होत्या. जिना उतरायला अर्धा मिनिट लागतो.

एका गोष्टीबद्दल मी अजून साशंक आहे. लवचीक सीलंट काही वर्षांनी बदलावं लागेल, आणि तेव्हा कदाचित मी नसेन. शेंदराची लांबी कितीतरी दशकं टिकली होती. विषारी होती, शेवटी तडकली, पण टिकली. आमचा सांधा तेवढा टिकणार नाही. म्हणून देखभालीची वही मालकांकडे दिली आहे, तिची एक प्रत तळघरातही आहे. बाईंनी ती स्वतः शिवली, निळ्या कापडाच्या पुठ्ठ्यात. पहिल्या पानावर चौकटींचा नकाशा आहे, आणि पाचही चौकटींवर एकाच दिशेचा बाण: मागच्या टेबलाकडे.